मागे वळून काढलेले फोटो

बाबांना युरोप बघायचा होता. नागपूरहून चार महिन्यांसाठी आमच्याकडे कॅनडात, मिल्टनला आले होते, तेव्हा मी म्हटलं, व्हिसाच्या भानगडीत कशाला पडता, क्यूबेक सिटी दाखवते. तटबंदी आहे, दगडी घरं आहेत, लोक फ्रेंच बोलतात, आणखी काय हवं? "म्हणजे आमरस मागितला की मँगो मिल्कशेक," बाबा म्हणाले, पण कॅमेरा गळ्यात अडकवून तयार झाले. तो डिजिटल कॅमेरा मीच त्यांना आल्या आल्या घेऊन दिला होता.

सप्टेंबरची संध्याकाळ होती. जुन्या शहरात पावलापावलाला फोटो काढण्यासारखं काहीतरी होतं, आणि बाबा काढत होते कोपरे. गल्ली संपली की थांबायचे, मागे वळायचे आणि एखाद्या भिंतीचा नाहीतर दाराचा फोटो घ्यायचे.

"बाबा, नदी बघा ना! भिंती काय नागपुरात नाहीत?" मी तीनदा तरी टोकलं. माझा स्वभावच तसा, सहलसुद्धा मी ऑफिसच्या कामासारखी उरकते. ते पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा मागे वळले.

सहाच्या सुमारास पार्किंगची वेळ वाढवायची आठवण झाली. बाबांना चर्चसमोरच्या बाकावर बसवलं. "इथून हलू नका, दहा मिनिटांत आले." परत आले तर बाक रिकामा.

आधी रागच आला. चर्चमध्ये पाहिलं, मागच्या अंगणात पाहिलं, आइस्क्रीमच्या दुकानात पाहिलं. मग एकेक आठवत गेलं. त्यांच्याकडे फोन नव्हता, फ्रेंच येत नव्हतं, हॉटेलचं नाव तर मलाही धड उच्चारता येत नव्हतं. दिसेल त्याला "ओल्ड मॅन, ब्राउन स्वेटर, कॅमेरा" असं विचारत सुटले. कॅमेरे सगळ्यांच्याच गळ्यात होते. तरी मी स्वतःला बजावत होते, बाबा हरवायचे नाहीत. घरातल्या प्रत्येक लग्नाच्या पत्रिका वाटायला त्यांनाच पाठवायचे, नागपुरातली गल्ली न् गल्ली त्यांना पाठ होती.

पाऊण तासाने एका उताराच्या गल्लीत सापडले. एका निळ्या दारासमोर उभे होते. एकदा दाराकडे बघत, एकदा कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे.

"हलू नका म्हटलं होतं ना!" मी भर रस्त्यात ओरडले.

"वॉशरूम शोधायला गेलो आणि चुकलो. थांब, ओरडू नको. हे निळं दार सापडलं. आता लाल फुलांची खिडकी, मग चर्च."

मी कॅमेरा घेतला आणि एकेक फोटो मागे जात राहिले. गल्ल्यांचे कोपरे, हॉटेलचं दार. आणि त्याच्याही आधी मिल्टन. आमच्या रस्त्याची पाटी, शेजाऱ्यांची लाल व्हॅन, आमच्या गॅरेजवरचा नंबर, जवळून, तीन वेळा. पहिला फोटो जूनमधला, ते आल्याच्या दुसऱ्याच दिवशीचा होता.

"तुमच्याकडची घरं सगळी सारखीच दिसतात गं," बाबा म्हणाले. मग हळूच, "नागपुरातही होतं हल्ली. चौकात उभा राहतो, आणि डावीकडे की उजवीकडे, काही सुचत नाही. तुला सांगणारच होतो. फ्रँकफर्टला विमान बदलायचंय ना, त्याची धास्ती वाटते."

दोन आठवड्यांनी ते एकटे परत जाणार होते. तिकीट मीच काढलं होतं, आरामात जातील म्हणून. मला फार भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज.

"मी येते सोडायला. थेट घरापर्यंत," मी म्हटलं. त्यांनी कॅमेरा माझ्याकडून घेऊन परत गळ्यात अडकवला.

लाल फुलांची खिडकी लागली, चर्चही लागलं. तिथून गाडीकडे जायला आम्ही नवी गल्ली धरली. ती संपली तसे बाबा थांबले, मागे वळले, आणि माझ्याकडे बघून त्यांनी कॅमेऱ्यावरचा हात खाली घेतला.

"बाबा, हा कोपरा राहिला," मी म्हटलं.

त्यांनी कॅमेरा वर केला, पुन्हा खाली घेतला. "तू जाऊन उभी राहा तिथं. म्हणजे मला ओळखू येईल."

मी भिंतीपाशी जाऊन उभी राहिले, आणि त्यांनी बटण दाबेपर्यंत हलले नाही.