गारांच्या दिवशी लख्ख ऊन

हे समीरलाही, म्हणजे माझ्या नवऱ्यालाही, माहीत नाही. आईला फोनवर मी रोज भाजीत मीठ जास्त पडलं इथपर्यंत सगळं सांगते, पण हे नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? — कोण जाणे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. फक्त मला मधेच थांबवू नका, नाहीतर मी नेहमीसारखा विषय बदलेन.

आधी मी किती मजेत होते ते ऐका! जर्मनीत वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरची नोकरी, ती मी अर्ध्या वेळेवर आणलेली, आणि उरलेल्या वेळात दोन-दोन वेडं. पहिलं म्हणजे आमचा कंट्री बँड. हो, कंट्री! अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांचं, गिटारचं, मोडलेल्या संसारांचं गाणं. जर्मनीत त्याचे इतके वेडे लोक आहेत की विचारू नका — गावच्या हॉलमध्ये बूट नि हॅट घालून रांगेत नाचतात, आज्यासुद्धा! ऑफिसच्या समरफेस्टला मी सहज एक गाणं म्हटलं आणि आमच्या टीममधल्या उवेने मला तिथल्या तिथे बँडमध्ये ओढलं. उवे स्टील गिटार वाजवतो. सांगलीला गाण्याच्या क्लासच्या बाईंनी रडवून रडवून माझ्याकडून जी मींड घोटून घेतली होती ना, ती त्या गिटारच्या घसरत्या सुराबरोबर अशी काही जुळली — अहो, आत्ता सांगतानाही काटा येतोय अंगावर! उवे तर वाजवायचाच थांबला होता.

दुसरं वेड रेडिओ. आणि रेडिओ म्हणजे गिझेला.

गिझेला सत्तरीची. आमच्या भागातल्या छोट्याशा रेडिओ स्टेशनवर शनिवारी दुपारी कंट्री गाण्यांचा कार्यक्रम करायची, तोही थेट — लोक फोन करणार, फर्माईश सांगणार, शेजारणीला वाढदिवसाच्या शुभेच्छा देणार. आपल्याकडे असती तर मी तिला अहो-जाहो केलं असतं. इथे पहिल्याच दिवशी तिने मला दटावलं, ‘डू’, म्हणजे ‘तू’च म्हणायचं, नाहीतर कॉफी मिळणार नाही. माझं जर्मन तेव्हा कसलं, नुसता आनंद! तरी तिने मला माइकसमोर बसवलं. चुकलीस तर हस, म्हणाली, आणि पुढे बोल. हळूहळू शनिवार वाटून घेतले आम्ही — एक तिचा, एक माझा. तो लाल दिवा लागला की मला जे व्हायचं ते मी कशाशीही बदललं नसतं.

बदललं नसतं म्हणते — पण स्टेजसाठी बदलतच होते की! बँडचे कार्यक्रम शनिवारीच असायचे. मग गिझेला, प्लीज, या खेपेला तू बस ना. ती बसायची. पुन्हा प्लीज. पुन्हा बसायची. शेवटी स्टेशनच्या प्रमुख — कडक बाई, पण वाईट नाहीत — त्यांनी मला सांगितलं, आता एकदा जरी अदलाबदल झाली तरी तुझा शनिवार दुसऱ्या कुणाला देणार. बरोबरच होतं त्यांचं.

आणि नेमकं तेव्हाच उवेचा फोन. मोठ्या कंट्री फेस्टिव्हलला कुणीतरी गळालं होतं, आपल्याला बोलावलंय! शनिवारी. माझ्या शनिवारी. दुपारी.

नाही म्हणायला हवं होतं ना? मी तर किंचाळले आनंदाने. स्वयंपाकघरात नाचले. आमची लेक जर्मनमधून ओरडली, आई, शेजारी तक्रार करतील.

मग मी शेण खाल्लं. दोन दिवस आधी एकटीच स्टुडिओत बसून तो अख्खा कार्यक्रम रेकॉर्ड करून, भरून ठेवला. आधी भरलेला कार्यक्रम चालतो आमच्याकडे, पण तसं सुरुवातीला सांगावं लागतं. मी सांगितलं नाही. उलट फोन येताहेत असं नाटक केलं — मनाने नावं बनवली, त्यांच्या फर्माईशी बनवल्या, कुणाला तरी नातू झाला त्याचं अभिनंदनसुद्धा केलं! खोटं वाटू नये म्हणून मधेमधे हवेच्या गप्पा. काय लख्ख ऊन पडलंय बाहेर, म्हटलं, बागेत खुर्च्या टाका! कॉम्प्युटरवर वेळ लावली आणि शनिवारी सकाळी उवेच्या गाडीत बसले.

तो कार्यक्रम — काय सांगू! समोर हे एवढे लोक, हॅटच हॅट. माझ्या दुसऱ्या गाण्याला मागची रांगसुद्धा नाचायला लागली. वन्स मोअर मिळाला. मी उवेला मिठी मारली, ड्रम वाजवणाऱ्याला मारली, साउंडवाल्यालासुद्धा मारली. त्या तासाबद्दल मला आजही पश्चात्ताप होत नाही. खोटं कशाला बोलू तुमच्याशी?

त्याच तासाला इकडे गारा पडत होत्या. साध्या नाही, गाड्यांच्या काचा फोडणाऱ्या. रस्त्यावर झाडं आडवी, बस बंद. अशा वेळी स्टुडिओतल्या माणसाने गाणं थांबवून वादळाच्या सूचना वाचायच्या असतात. लोक फोन करत होते, रिकाम्या खोलीत तो वाजत होता, आणि रेडिओवर मी हसून सांगत होते — खुर्च्या टाका बागेत. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. पण तक्रारी आल्याच.

सोमवारी प्रमुखबाईंनी बोलावलं. शनिवारी स्टुडिओत कोण होतं, एवढंच विचारलं त्यांनी. आणि मी — मी श्वाससुद्धा घेतला नाही हो! — म्हणाले, गिझेला येणार होती. तुम्ही बजावण्याआधीच आमचं तसं ठरलं होतं. ती नाहीच पोचली तर कार्यक्रम रिकामा जाऊ नये, म्हणून मी भरून ठेवला होता.

कुठून आलं ते वाक्य? ठरवून गेले नव्हते, देवाशप्पथ. पण इतकं सफाईदार आलं की मलाच खरं वाटलं. बाईंनाही वाटलं, कारण हल्ली गिझेलाचा चष्मा कधी हरवायचा, गायकाचं नाव कधी चुकायचं. माझं नाही चुकत का? पण मी चाळिशीची, माझं चुकलं तर सगळे हसतात.

त्यांनी माझ्यासमोरच तिला फोन लावला, स्पीकरवर. मला वाटलं, आता ती भडकणार, खडसावणार, आणि सुटेन मी. गिझेला भडकली नाही. म्हणाली, हो... म्हणजे... मृणाल म्हणते तर तसंच असणार. विसरले असेन मी. आणि माझी माफी मागितली. माझी! माझ्यामुळे मृणालला ऐकून घ्यावं लागलं, म्हणाली.

टेबलाच्या या बाजूला मी बसले होते. तोंड उघडायला किती वेळ लागतो? मी नाही उघडलं.

त्या आठवड्यात तिने कार्यक्रम सोडला. कुणी काढलं नाही, स्वतः सोडला. मग गाडीची किल्ली मुलाला देऊन टाकली. मग ड्रेस्डेनच्या बहिणीकडे एकटीने ट्रेनने जाणं बंद केलं — वाटेत बदलायचं स्टेशन विसरले तर, म्हणून. सगळे शनिवार माझे झाले. बँडसाठी लागेल तेव्हा आता मला बदली माणूसही मिळतो, शहाणा मुलगा आहे. दोन्ही वेडं मस्त चालली आहेत. लाल दिवा लागला की अजूनही तसंच होतं मला, अगदी तसंच! अपराध्यासारखं वागायचं तर तेवढं तरी थांबायला हवं होतं.

परवा तिच्याकडे कॉफीला गेले होते. आलुबुखाराचा केक केला होता तिने. मुलाने तिला स्मरणशक्तीच्या डॉक्टरकडे नेलं होतं, त्याची हकीकत हसत हसत सांगत होती. चित्रं दाखवली, आकडे उलटे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं. सगळं बरोबर आलं. डोकं ठणठणीत आहे, म्हणाले डॉक्टर.

पण तो डॉक्टर मला एकदाच भेटलाय, गिझेला म्हणाली. त्याला काय कळणार? तो शनिवार तर मी विसरलेच होते ना, मृणाल?

माझ्या हातात काटा होता. मी म्हटलं, गेनाऊ — अगदी बरोबर. आणि केकचा पुढचा घास घेतला.