थोरात बाईंचा बिनदागिन्यांचा अर्ज

शाळेत रुजू झालो त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी म्हणालो, "भुकेनं जीव चाललाय." समोर वह्या तपासत बसलेल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "अतिशयोक्ती. डबा उघडा."

पिंपरी पेंढारच्या आमच्या शाळेत थोरात बाई मराठी शिकवायच्या, मी गणित. त्या मूळच्या घाटघरच्या. वर्गात शुद्ध बोलायच्या. बाहेर मात्र 'लई' आणि 'न्हाई'शिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे. एकदा त्यांनी वर्गात विचारलं, "उपमा कशी ओळखायची?" मागच्या बाकावरून आवाज आला, "वासावरून, बाई!" वर्ग खिदळला. बाईही हसल्या. "एक शब्द, दोन अर्थ. हा झाला श्लेष. उद्याचा धडा आजच उरकला!"

एका वर्षी शाळेमागच्या उसात बिबट्या शिरला. पोरं त्याच बांधावरून यायची. शेजारी मेंढरं राखणाऱ्या कोंडिबांची एक मेंढी त्यानं नेली. पिंजरा मागायला त्यांनी गावातल्या एका हौशी माणसाकडून अर्ज लिहून घेतला. वनखात्याच्या साहेबांनी तो वाचला, "नेमका कुठं दिसला?" असं विचारलं आणि परत दिला. वैतागलेले कोंडिबा अर्ज घेऊन शाळेत आले.

बाईंनी लाल पेन काढलं. "'बैलाएवढा बिबट्या', अतिशयोक्ती. 'डोळे जणू निखारे', उत्प्रेक्षा. कोंडिबा, अर्ज लई देखणा झालाय. पण बिबट्या कुठंय यात? अलंकार अंगावर घालावेत, अर्जावर न्हाई."

"बाई, म्या डोळ्यांनी पाह्यलाय!"

"बैलाएवढा व्हता?"

कोंडिबांनी हात कमरेपर्यंत नेला, मग ओशाळून गुडघ्याच्या जरा वर आणला. "येवढा आसंल."

बाई माझ्याकडे वळल्या. "सर, तुमची पट्टी घ्या." भर दुपारी आम्ही तिघं उसाच्या कडेनं निघालो. पाटाजवळच्या चिखलात ठसे होते. पट्टी लावताना माझी नजर उसातच होती. बाई खाली बसून माप वहीत लिहीत होत्या. परत येऊन त्यांनी चार ओळींचा अर्ज केला: जागा, दिवस, ठशाचं माप, पोरांची यायची वेळ.

ऐकून कोंडिबांचा चेहरा पडला. "समदं खरंय. पर माझी मेंढी कुठंय यात?"

बाईंनी पेन पुन्हा उघडलं. "तिच्यामागं काय राहिलं?"

"कोकरू हाय. दिसभर वरडतंय. दुसरीचं दूध तोंडात घेत न्हाई."

बाईंनी ते जसंच्या तसं लिहिलं. मी चिडवलं, "हा अलंकार चालतो होय?"

"चालतो. याला स्वभावोक्ती म्हणतात. जसं आहे तसं, हुबेहूब सांगायचं. लई अवघड असतं, सर."

आठवड्याच्या आत पिंजरा लागला आणि बिबट्या सापडला.

गेल्या वर्षी बाई गेल्या. शोकसभेत कुणी त्यांना ज्ञानाचा सागर म्हटलं, कुणी तळपता सूर्य. शेवटी कोंडिबा उठले. टोपी काढून म्हणाले, "बाई माझ्या मेंढरांच्या वाड्यावर यायच्या. दगडावर बसून बशीतनं चा प्यायच्या. आता येत न्हाईत."

एवढं बोलून ते खाली बसले.