साऱ्यांच्या विहिरीला माझ्या पोराचं टाळं

लेकहो, आज मी पोटच्या पोराला मुसळानं हाणलं, अन् मला त्याचा पस्तावा नाही.

सकाळी विद्यापीठातली एक पोरगी आली. म्हणे, "आजी, समाजवाद संपल्यावर माणसं कशी जगतात, हे मी शिकते. लाल झेंड्याचा संघम, ती शेतकरी-मजुरांची संघटना, गेल्यावर गावात काय बदललं?"

मी बोलणार तोच विहिरीकडून बोंब उठली; मी मुसळ घेऊनच धावले, पोरगी मागोमाग. संघमच्या काळात गावानं मिळून खणलेल्या विहिरीच्या मोटारीला माझ्या दत्तूनं टाळं ठोकलं होतं. शेजारच्या किसनची कपाशी वाळून राह्यली. तो टाळं तोडायला गेला, तर दत्तूनं फावड्यानं त्याचं डोकं फोडलं.

दुसरा घाव पडायच्या आत मी दत्तूच्या मनगटावर मुसळ घातलं.

"माय, मले काऊन मारून राह्यली? विहीर आपल्या शेतात हाये ना!"

"शेत तुह्यं. विहीर खणली तवा तू माह्या पोटात होता. माती मी वाह्यली, किसनच्या मायनंबी वाह्यली."

पोरगी म्हणाली, "आधी असं नव्हतं ना, आजी?"

"तवाबी डोकी फुटत होती, वं पोरी. संघमवाले सावकाराले झोडत, पोलीस आमाले झोडत. पण आमी एकमेकाचं पाणी नाही तोडलं."

टाळं मी दगडानं फोडलं. किसनला टाके पडले, पण कपाशीला पाणी सुरू आहे.

तुमच्या गावात साऱ्यांनी मिळून केलेलं काही उरलं असेल तर सांगा. अन् त्याला टाळं कोणाच्या पोरानं लावलं, तेबी सांगा.