खाणीच्या तोंडाशी नारळ

शैलेंद्रकाकांच्या पाठपिशवीत पाणी, चिक्कीचा पुडा आणि सोललेला नारळ असायचा. डेन्व्हरच्या मराठी मंडळातले लोक हसायचे.

"काका, सोन्याच्या खाणीला नारळ? ती बंद पडून शंभर वर्षं झाली!"

"म्हणूनच. तिच्याकडे आता कोण फिरकतं?"

काका नागपूरकडचे. वडील मँगनीजच्या खाणीत फोरमन. नव्या बोगद्यात उतरण्याआधी ते नारळ फोडायचे. काका मात्र इंजिनिअर होऊन अमेरिकेत आले, पूल बांधले, निवृत्त झाले. खाणीत कधी उतरले नाहीत. पण दर सप्टेंबरला अस्पेनच्या झाडांची पानं पिवळी झाली की डोंगर चढून, गज लावून बंद केलेल्या त्या खाणीपाशी नारळ वाढवायचे. अर्धा गजांतून आत टाकायचे, अर्धा घरी आणायचे.

यंदा सोबत मृणालिनी होती. मराठीत एम.ए. झालेली, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेली. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ती काकांवर लिहीत होती.

शेवटच्या वळणावर काका गुडघ्यांवर हात ठेवून थांबले. तिने फोटो काढला.

"काय गं, इथूनच नमस्कार केला तर चालेल?"

"काका, दहाच मिनिटं राहिलीत. नारळाच्या फोटोशिवाय लेख कसा होणार?"

"बरं, लेखिकाबाईंचा हुकूम!" काका हसले आणि चढले.

नारळ फुटला. फोटो छान आला. उतरताना त्याच वळणावर काका खडकावर बसले. उठलेच नाहीत. फोनला रेंज नव्हती. ती खाली धावत सुटली. मदत पोचेपर्यंत दोन तास गेले.

तेरावा झाल्यावर काकांच्या पत्नी नंदाकाकूंनी तिला बोलावलं. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. ओट्यावर अर्धा नारळ सुकत पडला होता.

"टाकवत नाही गं," काकू म्हणाल्या. त्यांनी चहाचं आधण ठेवलं. "तो नारळ फोडतानाचा दे. किती हसतायत! तू होतीस, एकटे नव्हते, एवढाच मला धीर."

मृणालिनीने फोन पुढे केला. दुसराच फोटो उघडला होता.

"यात दमलेले दिसतायत."

"हो काकू. तेव्हा ते म्हणाले, इथूनच नमस्कार करू. मीच वर नेलं. मला लेखासाठी फोटो हवा होता."

काकूंनी दोन बोटांनी तो चेहरा मोठा केला. बराच वेळ पाहिला.

"चाळीस वर्षांत माझं एक ऐकलं नाही. तुझं बरं ऐकलं."

काकूंनी फोन तिला परत दिला.

"हे लिहिणार आहेस?"

"हो."

"लिही. काही गाळू नकोस."

आधण उतू गेलं. काकूंनी गॅस बंद केला, ओटा पुसला. चहाची पूड घातलीच नाही.