सीटखालची लाल वायर

आमच्या काकांना गल्लीतले लोक 'डायरेक्टर' म्हणत, आणि त्यात कौतुकापेक्षा चेष्टाच जास्त होती. काका गाड्यांच्या वायरिंगची कामं करत. एखादा स्विच बिघडला आणि नवा लगेच मिळेना, की त्याच्या दोन टोकांमध्ये वायर जोडून द्यायची, म्हणजे स्विच असला काय नि नसला काय, करंट पुढे जातोच. त्यांच्या धंद्यात याला 'डायरेक्ट करणं' म्हणतात. काकांचा त्यात एक नियम होता. डायरेक्टची वायर लालच हवी, आणि नवा स्विच आला की त्याच दिवशी ती निघाली पाहिजे. "लाल दिसली की समजायचं, काम अजून संपलेलं नाही," असं ते म्हणत. हा नियम त्यांनी एकदाच मोडला, आणि तोही सख्ख्या भावाच्या यंत्रावर.

बाबा कॉलेजच्या मैदानाचे माळी होते. गवत कापायला तिथे एक छोटा ट्रॅक्टर होता, माझ्यापेक्षा वयानं मोठा. त्याच्या सीटखाली एक स्विच होता. माणूस उठला की इंजिन बंद, आणि इंजिनाबरोबर ट्रॅक्टरच्या पोटाखालचं पातंही बंद. अकरा वर्षं बाबा किल्लीला हात न लावता खाली उतरत, अडकलेलं गवत उपसत, पुन्हा बसत.

एके दिवशी ट्रॅक्टर मधेच बंद पडायला लागला. बाबांनी काकांना बोलावलं. सुट्टी होती म्हणून मी बाबांचा डबा घेऊन गेले होते, त्यामुळे हे डोळ्यांनी पाहिलंय. काकांकडे मीटर नव्हता. दोन वायरी जोडलेला एक बल्ब, तेवढ्यावर ते सगळं शोधत. आधी बॅटरी पाहिली, टर्मिनल घासली. अर्थिंगची वायर गंजली होती, ती सोडवून खरवडली. फ्यूज, किल्ली, क्लचचा स्विच, सगळीकडे बल्ब लागला. शेवटी बाबांना सीटवर बसवून उड्या मारायला लावल्या. बाबा वर गेले की बल्ब विझायचा.

"सापडला. स्प्रिंग गेली आहे," काका म्हणाले. "खड्डा आला की स्विचला वाटतं, माळी पळाला."

"नवा कधी मिळेल?"

"आठवडा लागेल."

"परवा स्पर्धा आहेत. डायरेक्ट कर."

काकांनी लाल वायर जोडली आणि बाबांना बजावलं, "दादा, आता उतरायच्या आधी किल्ली. विसरू नकोस." बाबांनी मान हलवली.

बावीस दिवस ते विसरले नाहीत. तेविसाव्या दिवशी ओलं गवत अडकून पातं जागीच थांबलं. इंजिन धडधडत होतं, पण बाबांच्या अंगात अकरा वर्षांची सवय होती. ते उतरले, वाकले आणि गवताचा गोळा ओढला. गोळा सुटला तसं पातं फिरलं. उजवा हात मनगटापासून गेला.

कॉलेजनं चौकशी नेमली. ट्रॅक्टर तपासायला कोणाला बोलावलं? काकांनाच, कारण त्या यंत्राची नस दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हती. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. काका शेडमध्ये एकटे गेले आणि अर्ध्या तासानं बाहेर आले. सीटवरून उठलं की ट्रॅक्टर बंद पडतो, हे त्यांनी साहेबांसमोर करून दाखवलं. कागदावर आलं, यंत्र निर्दोष, माळ्याचा निष्काळजीपणा. बाबांची नोकरी गेली.

बाबांनी त्या कागदाला एका शब्दानं विरोध केला नाही. मी भांडले, आई रडली. तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, "डायरेक्ट मीच करायला लावलं. रोज विचारायचो, स्विच आला का. तो म्हणायचा, अजून नाही. दुकानात माल आलाच माझा हात गेल्यावर, तर तो बिचारा काय करणार? आता त्याचं नाव घेतलं तर त्याच्याकडे गाडी कोण आणेल? दोन घरांत एक तरी हात चालता राहू दे."

पुढची अठरा वर्षं काका रोज सकाळी शेजारच्या खोलीतून आमच्याकडे यायचे. बाबांच्या शर्टाची बटणं लावायचे, खाली बसून बुटांच्या नाड्या बांधायचे. एकही दिवस चुकला नाही. बाबा डाव्या हातानं लिहायला शिकले, पण नाड्या बांधायला शिकले नाहीत. मला वाटतं, मुद्दामच शिकले नाहीत. नाड्या बांधताना दोघं क्रिकेटबद्दल बोलायचे, आणि मला काकांची दया यायची. आता त्या दयेचीच चीड येते.

काका गेले त्याच्या पंधराव्या दिवशी बाबा आणि मी त्यांचं दुकान आवरायला गेलो. पान्यांच्या पेटीच्या तळाशी तो बल्ब होता, आणि एका रिकाम्या खोक्यात वेटोळं केलेली लाल वायर. खोक्यावर स्विचचं चित्र होतं. आत बिल होतं. मी तारीख पाहिली, बोटांवर मोजली, पुन्हा मोजली. स्विच आठव्या दिवशीच आला होता. बाबांचा हात शाबूत असताना पंधरा दिवस तो या पेटीत पडून होता. ट्रॅक्टर चालतोय ना, मग बघू उद्या. एवढंच झालं असणार. बाबा रोज विचारत होते आणि हे रोज "अजून नाही" म्हणत होते.

"काय सापडलं?" बाबांनी विचारलं. ते दारातल्या स्टुलावर बसले होते. सकाळी त्यांच्या नाड्या मी बांधल्या होत्या.

मी वायर त्यांच्याकडे दिली. त्यांनी ती डाव्या तळहातावर घेतली, ओळखली आणि बराच वेळ अंगठ्यानं चोळत राहिले.

"जपून ठेवली त्यानं," ते म्हणाले. "मनाला लावून घेतलं होतं फार. स्विच वेळेवर मिळाला असता तर..." मग त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "तो कागद कसला?"

त्यांचा चष्मा घरी राहिला होता.

"जुनं बिल आहे," मी म्हणाले.

"कशाचं?"

"शाई उडाली आहे, बाबा. काही वाचता येत नाही."