जरीनाबींचे रोजे

गडमुडशिंगीच्या सबिनाला विचारलं, बाई, तू काम काय करतेस, तर ती म्हणते, आजारांना नंबर देते. परदेशातल्या दवाखान्यांचे कागद कोल्हापुरातल्या तिच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर येतात. डॉक्टरनं जो आजार लिहिलाय, त्याचा ठरलेला कोड तिनं टाकायचा. सात वर्षं ती घशाच्या फायली बघतेय. लाळेच्या ग्रंथीला सूज, ग्रंथीत खडा, गिळायला त्रास, प्रत्येकाचा कोड वेगळा आणि सगळे तिला तोंडपाठ. तिच्या आईला, जरीनाबींना, या पोरीचा कोण अभिमान! दारात पावणं आलं की पहिलं हेच ऐकवायचं.

तर या जरीनाबींनी मार्चात रमजान संपला तरी रोजे काही सोडले नाहीत. आधी म्हणाल्या, चुकलेले भरून काढते. मग सोमवार-गुरुवार धरले, मग मधलेही वार. रोजा नसेल त्या दिवशी दाढ दुखायची आणि जेवण आमटीच्या पाण्यावर भागायचं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, बाई असावी तर अशी. वाळत चालल्या होत्या, पण एवढे रोजे धरणारं माणूस वाळणारच की! शेजारी स्टीलचं भांडं घेऊन दिवसभर त्यात थुंकायच्या. थुंकी गिळली तर रोजा मोडतो म्हणायच्या. सबिना त्यांना चिडवायची. थुंकीनं रोजा मोडत नाही गं अम्मी, मौलवींना विचार, म्हणायची आणि त्यांची हुबेहूब नक्कल करायची. सगळं घर पोट धरून हसायचं. जरीनाबीही हसायच्या.

डिसेंबरातल्या एका सकाळी वर्षाराणीनं सबिनाची फाईल परत पाठवली. वर्षाराणी म्हणजे ऑफिसात सबिनाच्या चुका काढणारी. बाई भली, पण जिभेला हाड नाही. फाईल कुठल्याशा परक्या म्हातारीची होती. दिवसभर पेल्यात थुंकते, वजन घटतंय. सबिनानं कोड टाकला होता लाळ जास्त सुटण्याचा. वर्षाराणी उठून तिच्या खुर्चीशी आली.

"डॉक्टरनं काय लिवलंय ते वाच की. लाळ जास्त हुत न्हाय तिला. झालेली खाली जात न्हाय."

सबिनानं पुन्हा वाचलं. रोजा नसतो त्या दिवशीही ते भांडं अम्मीच्या शेजारी असतंच, हे तिला तिथं खुर्चीत बसून आठवलं. परक्या मुलखातल्या हजार माणसांचे घसे वाचले बयेनं, आणि स्वतःच्या चुलीपाशी बसलेलं माणूस वाचता आलं नाही! अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती निघाली. वाटेत उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या, तशी गाडीवर बसून स्वतःला शिव्या देत राहिली.

घरी जरीनाबी एकट्याच होत्या. त्या दिवशी रोजा नव्हता. हातात पाण्याचा पेला होता. एक घोट घेतला, मान पुढं काढून जोर लावला, आणि ते पाणी नाकातून परत आलं. वळून बघतात तर दारात पोरगी.

सबिनानं हलक्या आवाजात विचारलं, कधीपासून? जरीनाबींनी तोंड पुसलं. रमजानपासून, म्हणाल्या. रोजा असला की दिवसभर कुणी जेव म्हणत नाही, आणि संध्याकाळी नुसत्या आमटीच्या पाण्यावर रोजा सोडला तरी ताटाकडं कुणी बघत नाही. शिरोळची त्यांची थोरली बहीण घशाच्या आजारानंच गेली होती. आजाराचं नाव कळल्यावर त्या घरात पुन्हा कुणी हसलं नाही, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

"तू हसत हुतीस," त्या म्हणाल्या, "मला बरं वाटायचं."

संध्याकाळी दोघी डॉक्टरांपुढं बसल्या. त्यांनी केसपेपर ओढला आणि त्रास किती दिवसांपासून आहे, ते विचारलं. जरीनाबी घाईघाईनं म्हणाल्या, महिना झाला असंल. वर हेही सांगितलं की माझी पोरगी ह्याच कामात हाय, तिनंच वळखलं. पोरीची लाज राखायला बाई डॉक्टरपुढं खोटं बोलत होती. सबिनाला ते कळलं आणि रडू आलं. पण कागदावर महिना पडला तर पुढचं सगळं त्याच हिशेबानं चालणार, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

"न्हाय डॉक्टर," ती म्हणाली. "नऊ महिने."

जरीनाबींनी टेबलाखाली तिचा हात करकचून दाबला. डॉक्टरांचं पेन थांबलं.

"नऊ महिने? आणि घरात कुणालाच दिसलं नाही?"

"दिसत होतं," सबिना म्हणाली. "मला रोज दिसत होतं. मी हसत होते."