बांधून ठेवलेली ओळ

छापखान्याच्या दारात आले की लेखकभाऊ आधी हात वर करायचे, रस्त्यात एस.टी. थांबवावी तसा. ट्रेडल मशीनवरचा माणूस पाय आवरायचा, मशीन कुरकुरत उभं राहायचं, आणि मगच भाऊ आत यायचे.

"हां, आता आयकू येते," म्हणत कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर बसायचे. "पयले चाल आयक, बाबू. अक्षरं मंग जुळव."

मी तेव्हा वडशाच्या त्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होतो. ऐंशीनंतरची ती पाच-सात वर्षं. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाला, धान कापून झालं की नाटकांचा हंगाम लागतो आणि नाटक ठरवायला गावोगावचे लोक छापखान्यातच येतात. नाटकाची वही, पेटीवाला, नटी आणि हँडबिल, सगळं एकाच दारात. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. हसू दे. आमचं असंच चालत आलं आहे.

लेखकभाऊ या हंगामावर जगणारे. नोकरी नाही, शेती नाही. आधी राइस मिलमध्ये वजनकाट्यावर होते, ते त्यांनी स्वतःहून सोडलं. कारण विचारलं तर म्हणायचे, "काट्यापाशी बसलो का गानं सुचे, आन् गानं सुचलं का वजन चुके. कोनतं तरी एक सोडा लागत होतं." घरावर पत्र्याची पाटी लावली होती: येथे नाटके, स्वागतगीते, निरोपाची भाषणे व सर्व प्रकारचे अर्ज लिहून मिळतील. नाटकं हिवाळ्यात, बाकी वर्षभर अर्ज. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याच्याकडे आपण कामापुरते जातो आणि काम झालं की त्याला विसरतो.

त्यांचे अर्जसुद्धा चालीत असत. एका शेतकऱ्यानं मोटारपंपाच्या मीटरसाठी अर्ज लिहून नेला. चार दिवसांनी तो परत आला, तेव्हा मी भाऊंच्या ओसरीवर बसलो होतो. तो म्हणाला, "भाऊ, सायेबानं अर्ज दोनदा वाचला, मोठ्यानं. बाजूच्याइले बी आयकवला. मंग मले म्हनते, अर्ज मस्त हाय, पन पाहिजे काय थे तं लिवाच राह्यलं!" भाऊ ओशाळले, पण ओशाळण्याआधी क्षणभर खूश झालेले मला दिसले.

संगीत ते कुठे शिकले नव्हते. वडील वस्तीतल्या भजन मंडळात ढोलकी वाजवायचे, तेवढंच घराणं. घरात एक रेडिओ होता. नागपूर केंद्र नीट लागावं म्हणून तो कधी खिडकीत, कधी पाण्याच्या रांजणावर ठेवलेला असायचा. वहिनी पलीकडे विड्या वळत बसायच्या. भाऊ नवीन चाल म्हणायला लागले की वहिनी अर्ध्यावर उठायच्या. "तुमचं गानं आयकत बसली तं चूल कोन पेटवन?" भाऊ उरलेली चाल मला ऐकवायचे. मी ऐकायचो, म्हणजे समोर बसायचो.

बेसूर मात्र त्यांना काट्यासारखा टोचायचा. एका लग्नसराईत शेजारशेजारच्या दोन मांडवांत दोन भोंगे वेगवेगळी गाणी ओकत होते. भाऊ पहिल्या मांडवात गेले, हात जोडून म्हणाले, "थोड्या वेळ तुमी थांबा, मंग थे थांबतीन. दोन सूर भांडून राह्यले जी." तिथे वरबापानं त्यांना दारुडा समजून बाहेर काढलं. ते दुसऱ्या मांडवात गेले. तिथेही तेच. परत आले तेव्हा सदऱ्याची एक बाही उसवलेली होती. "दोगं बी बहिरे हायेत," म्हणाले, "पन धक्का मारताना लय एका सुरात होते." मी पोट धरून हसलो. आता हसू येत नाही.

आता त्यांची एकच इच्छा सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. त्यांनी वीसेक नाटकं लिहिली असतील. प्रत्येकात पाच-सहा गाणी, आणि प्रत्येक गाण्याला स्वतःची चाल. नाटक उभं राहिलं की त्यांचे शब्द तसेच राहायचे, मंडळी चाल मात्र काढून टाकायची आणि तिथं सिनेमाची बसवायची. लोकांना ओळखीची चाल लागते, ती आली की 'वन्स मोअर' येतो, आणि 'वन्स मोअर' आला की पुढच्या गावाचं नाटक ठरतं. भाऊंना हे कळत नव्हतं असं नाही. "फक्त एक डाव," ते म्हणायचे. "एक नाटक. पाच गाने. मी बसवलेल्या चालीत. मंग लोकं जोडे मारू देत." सरगम लिहिता येत नव्हती, टेपरेकॉर्डर नव्हता. चाल त्यांच्या गळ्यात होती आणि ज्याला शिकवतील त्याच्या गळ्यात राहणार होती.

असा गळा त्यांना एकदा सापडला. वैनगंगेच्या काठचं, आरमोरीकडचं एक गाव. तिथे तळ्यावर मासे धरणारा एक तरुण धिवर होता. भाऊ कुणाचा तरी अर्ज द्यायला गेले होते, तर हा गडी गुडघाभर पाण्यात उभा राहून जाळं झटकत गात होता. भाऊ अर्ज विसरले आणि तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून राहिले. त्या वर्षी शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, दिवशी गावातलीच माणसं नाटक करणार होती. भाऊंनी नाटक दिलं आणि अट घातली, चाल माझी. गावानं कबूल केलं. गावात गाणाऱ्यांचं ऐकतात, आणि धिवर म्हणाला होता, "मले याच चालीत गावाचं हाय."

महिनाभर भाऊ तिथंच तालमीला राहिले. अधूनमधून वडशाला यायचे, हात वर करायचे, मशीन थांबायचं. एक गाणं त्यांना फार आवडायचं: "तळ्याच्या पाळीवर बस जराशी, पाण्याले बोलू दे..." ते मला त्यांनी किती वेळा ऐकवलं असेल, मोजदाद नाही. मधल्या ओळीत ते आवाज खाली न्यायचे आणि माझ्याकडे बघायचे, पोहोचलं का म्हणून. मी मान हलवायचो. माझं लक्ष बहुतेक वेळा हातातल्या खिळ्यांवर असे.

मग हँडबिलाचं काम आलं. मजकूर भाऊंच्या अक्षरात होता, त्यांनी तो गावाहून पाठवला होता. आता छापखान्यातली एक रीत सांगायला हवी. हंगामात काही ओळी प्रत्येक हँडबिलात लागतात. त्या पुन्हापुन्हा जुळवायच्या नसतात. दोऱ्यानं बांधून फळीवर ठेवलेल्या असतात, उचलायच्या आणि बसवायच्या. 'स्त्रियांसाठी बसण्याची वेगळी सोय' ही एक. 'पाहुण्यांनी अवश्य लाभ घ्यावा' ही दुसरी. आणि तिसरी, सगळ्यांत जाड टाइपातली: 'सिनेमाच्या गाजलेल्या चालींवरील बहारदार गाणी!'

मी तिन्ही उचलल्या आणि बसवल्या. हात सवयीनं चालले, इथपर्यंत मी स्वतःला माफ करतो.

पण नंतर मी तपासायचा कच्चा कागद, म्हणजे प्रूफ, काढला, वाचला, आणि ती ओळ मला दिसली. चांगली ठसठशीत दिसली. जुळवलेल्या खिळ्यांचा फर्मा चौकटीत आवळून झाला होता. ओळ काढायची तर तो सोडायचा, रिकामी जागा भरायची, पुन्हा आवळायचा. अर्ध्या तासाचं काम होतं. आरमोरीची बस सुटायची वेळ झाली होती आणि गठ्ठा कंडक्टरच्या हाती द्यायचा होता. मी मनात म्हटलं, एका ओळीनं काय होतं? गर्दी जमली तर भाऊंचंच भलं. आपण आपल्या आळसावर असं परोपकाराचं पांघरूण घालतो. तुम्हीही कधी घातलं असेल. मी मशीनवाल्याला म्हटलं, चालव.

पुढचं धिवरानं सांगितलं. बाजाराच्या दिवशी तो छापखान्यात आला, उभाच राहिला.

"गर्दी कशी सांगू तुमाले! आजूबाजूचे दहा गावं लोटले होते. मी पयलं गानं सुरू केलं, लेखकभाऊच्या चालीत. दोन ओळी झाल्या अन् मांगून लोकं ओरडाले लागले. कागद हालवून राह्यले होते तुमचे. 'कागदात काय लिवलं हाय? फिलमची चाल कुठी हाय?' म्हनून."

"मग?"

"पेटीवाल्यानं फिलमची चाल धरली. घरोघरचे पाहुने बसले होते. गावाची इज्जत होती. मी बी मंग..." त्यानं बाजाराची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "पाची गाने तसेच झाले. तीन 'वन्स मोअर' आले."

"आणि लेखकभाऊ?"

"पडद्याच्या बाजूले बसून होते. मी गाऊन आत आलो तं मले पानी देल्लं त्यायनं. म्हनले, गळा मस्त लागला आज."

त्या आठवड्यात चार गावांनी तेच नाटक मागितलं. मालक खूश झाले. भाऊ आले तेव्हा मालकांनी उठून हात मिळवला, चहा मागवला. भाऊंनी त्या दिवशी हात वर केला नाही. मशीन धडधडत राहिलं. ते माझ्याजवळ आले आणि खिशातून घडी घातलेलं हँडबिल काढून त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे मी लिवून देल्लं नोतं, बाबू."

"बांधलेली ओळ होती, भाऊ. सवयीनं बसली."

"मंग कच्चा कागद नाई पायला?"

"घाई होती. नाही पाहिला," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं, आता धरतील. धरायला हवं होतं. पण त्यांनी विश्वास ठेवला. माझ्या खांद्यावर हात ठेवून उलट मलाच म्हणाले, "होते गा. हात हाय, चुकते. तू नको मनाले लावून घेऊ." आणि चहा घ्यायला मालकांकडे गेले. त्यांनी चिडून माझे खिळे जमिनीवर उधळले असते तर मी ते गोळा करून मोकळा झालो असतो.

पुढच्या हंगामाचं नाटक त्यांनी वेळेत आणून दिलं. मी वही चाळली. गाण्याच्या जागी कंसात दोनच शब्द होते: 'कोणतेही गाणे'. पाचही ठिकाणी तेच. मालकांना ही सोय फार आवडली. म्हणाले, "भाऊ, आता तुमाले धंदा समजला." भाऊ हसले. मला ते हसू पाहवलं नाही, म्हणून मी खिळ्यांच्या खणात डोकं घातलं. मी त्यांना म्हणू शकलो असतो की गाणी लिहा, मी दुसरं गाव शोधतो. खरं काय झालं तेही सांगू शकलो असतो. दोन वर्षं ते आठवड्यातून दोनदा माझ्यासमोर बसत होते. मी पानविडा पुढे करायचो, आणि तेवढंच आमचं बोलणं.

त्याच काळात धिवर पोट भरायला गाव सोडून गेला, कुठे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग एका पावसाळ्यात भाऊ तापानं गेले. चार दिवसांत. शोकसभेचं पत्रक मीच जुळवलं आणि त्या वेळी कच्चा कागद तीनदा वाचला. एकही चूक नव्हती.

शोकसभा शाळेच्या व्हरांड्यात दुपारी झाली. तसबिरीला हार घालून झाले, भाषणं झाली. ज्यांनी जन्मभर त्यांच्या चाली उपटून फेकल्या ते त्यांना संगीताचे महान उपासक म्हणाले. शेवटी वडशाच्या कलाकारांनी त्यांचं गाणं म्हणून श्रद्धांजली वाहिली. तळ्याच्या पाळीवर बस जराशी. पेटी, तबला, सगळा थाट, आणि चाल सिनेमाची. लोक डोळे पुसत होते. वहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या मधूनच उठल्या आणि बाहेर गेल्या. बायांना वाटलं, आवरेना म्हणून गेल्या.

मी मागोमाग गेलो. त्या नळापाशी उभ्या होत्या, रडत नव्हत्या.

"हे त्यायचं नोहे," त्या म्हणाल्या.

"हो, वहिनी."

"त्यायची चाल येगळीच होती. मले सुरवात येते." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू, मान खाली घालून, पहिल्या दोन ओळी म्हटल्या. खऱ्या. त्या कानावर पडल्या आणि भाऊ कागदांच्या गठ्ठ्यावर येऊन बसल्यासारखं झालं. मग त्या थांबल्या. "याच्या पुढचं मले नाई येत. मी उठून जाओ न. घरी ध्यानच नाई देल्लं कधी. तुमाले तं किती डाव आयकवलं त्यायनं. तुमी म्हना, भाऊ. मी याद करून ठेवीन."

पुढचे शब्द मला पाठ होते. कुठे काना, कुठे वेलांटी, तेसुद्धा. त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी डोळे मिटले, घसा साफ केला आणि पुढची ओळ उचलली. तोंडातून जी चाल आली, ती सिनेमाची होती.